दुधाची पट्टी आणि आष्ट्याच्या दोन म्हशी

साडेचार वर्षं मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात सोन्याचे कण बनवत होते. नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांची नजर आधी माझ्या गळ्याकडे जायची. गळ्यात काही नसायचं. प्रयोगशाळेत सोनं येतं ते पिवळट खड्यांच्या रूपात, करंगळीएवढ्या काचेच्या कुपीत. पाण्यात विरघळवलं की फिकट पिवळं पाणी होतं. ते उकळायचं आणि उकळी फुटली की त्यात सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं. रंग आधी पार उडतो, मग पाणी काळसर होतं आणि पाच-दहा मिनिटांत कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. माझी पहिली खेप लाल न होता शाईसारखी निळी झाली, कारण चंबू नीट धुतला नव्हता. चंबू धुवायला शिकण्यात पहिले दोन महिने गेले.

त्या लाल पाण्यात सोन्याचे कण तरंगत असतात. केसाच्या जाडीवर शेजारी शेजारी चार हजार बसतील, इतके बारीक. नुसते कण काही कामाचे नसतात. त्यांच्यावर प्रथिनाचा थर चढवायचा आणि ते प्रथिन असं निवडायचं की ते नेमकं आपल्याला हव्या त्या गोष्टीलाच धरेल. आमची गोष्ट होती ब्रुसेला नावाच्या जंतूविरुद्ध म्हशीच्या अंगात तयार होणाऱ्या अँटिबॉडी. बोटभर लांबीची कागदी पट्टी, तिच्या एका टोकाला दुधाचा थेंब. दुधात त्या अँटिबॉडी असल्या तर सोन्याचे कण त्यांना धरून पट्टीवर पुढे सरकतात, ठरलेल्या जागी अडकतात आणि तिथे लाल रेघ उमटते. शेजारी दुसरी रेघ असते, ती दरवेळी यायलाच हवी. ती आली नाही तर पट्टीच बिघडलेली आहे असं समजायचं.

विषय माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दिला होता. त्यांचं माहेर सांगलीकडचं, गोठ्याचं. या आजारानं म्हैस गाभण असताना शेवटच्या महिन्यांत गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, आणि कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराची वार, म्हणजे गर्भाभोवतीची पिशवी, उघड्या हातानं काढताना तो माणसालाही लागतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. साताऱ्यात मी जन्मले, वाढले, पण म्हशीच्या जवळ कधी गेले असेन तर ती मामाच्या आष्ट्याला, सुट्टीत, आणि तेही शेपटीपासून लांब राहून.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्या कणांचे फोटो आले. तेवढं बारीक दाखवणारा मायक्रोस्कोप आमच्याकडे नव्हता, नमुना दुसरीकडे पाठवावा लागे आणि दोन-तीन महिन्यांनी ईमेल येई. करड्या पडद्यावर काळे गोल ठिपके, बहुतेक एका मापाचे, प्रत्येकाभोवती धुक्यासारखी पुसट कड. ती कड म्हणजे आम्ही चढवलेलं प्रथिन. मॅडम दोन्ही हात मागे बांधून स्क्रीनसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी तो फोटो घरी आईला दाखवला. ती म्हणाली, "मोहरी सांडल्यासारखी दिसतीय." मग तिनं विचारलं की यासाठीच का मी दोन वर्षं जेवायच्या वेळा पाळत नव्हते. मी हो म्हटलं.

त्यानंतर खऱ्या दुधाची गरज पडली. सांगलीचे एक पशुवैद्य आमच्या कामात होते. त्यांच्याकडून रक्त तपासलेल्या जनावरांचं दूध येत होतं, पण मॅडमना गावातले, कुणी न निवडलेले नमुनेही हवे होते. मी मामाचं नाव सांगितलं. मामा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आष्ट्याला थोडा ऊस आणि दोन म्हशी सांभाळून होते. त्यांच्या शब्दाला गल्लीत मान होता. मी फोन केला तर म्हणाले, "दूधच पायजे ना? ये की. साऱ्या गल्लीचं गोळा करून देतो."

बर्फाचा डबा घेऊन मी कऱ्हाडमार्गे एसटीनं आष्ट्याला गेले. मामा स्टँडवर घ्यायला आले होते. मागच्या भेटीनंतरच्या चार महिन्यांत त्यांचा चेहरा उतरला होता. मामींनी घरी गेल्यावर चहा टाकता टाकता सांगितलं, की संध्याकाळ झाली की अंगात कणकण येते, घामानं बनियन भिजते, कंबर धरते. दोनदा टायफॉइड म्हणून औषध झालं होतं. आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

"आगं, ऐकत्यात का ते," मामी म्हणाल्या. "तापातबी पहाटं उठून धार काढायला हायेतच."

मामा लष्करात असताना कुस्ती करायचे. तालमीत असल्यापासूनची सवय म्हणून ते धार काढता काढता तांब्याभर कच्चं दूध तिथेच उभ्यानं प्यायचे. धारोष्ण दुधासारखं दुसरं औषध नाही, असं ते प्रत्येकाला सांगत. मी हे लहानपणापासून ऐकलं होतं आणि त्या सकाळी पाहिलंही. त्यांच्या मोठ्या म्हशीची धार काढून झाली, त्यांनी तांब्या तोंडाला लावला, मग उरलेल्यातलं माझ्या कुपीत ओतलं. तीच म्हैस मागच्या वर्षी आठव्या महिन्यात गाभडली होती. वार मामांनीच काढली होती. हेही मला त्याच सकाळी कळलं, कारण मी माझ्या फॉर्मवरचे प्रश्न एकेक करून विचारत होते आणि "यापूर्वी गर्भपात?" हा सहावा प्रश्न होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते.

गल्लीतून अकरा नमुने मिळाले. शेजारच्या काकींकडे एकच म्हैस होती. काकींचा नवरा लष्करात, त्या वर्षी उत्तरेला कुठेतरी. घर, थोडी जमीन आणि म्हैस एवढं त्या एकट्या बघत. म्हैस आठवड्यापूर्वीच व्याली होती आणि काकी खुशीत होत्या. त्यांनी दूध दिलं, वर खरवसाची वाटी हातात ठेवली. वेलदोडा घातलेला, मऊ. मी तो ओट्यावर बसून खाल्ला. माझ्या फॉर्मवर व्याल्याची तारीख विचारणारा प्रश्न नव्हता. तो फॉर्म मीच तयार केला होता.

साताऱ्याला परत आल्यावर मी कुप्यांना क्रमांक दिले आणि पट्ट्या लावल्या. चौथ्या पट्टीवर दोन स्वच्छ लाल रेघा आल्या. सातवीवरही दोन आल्या, पण एक फिकट. बाकीच्यांवर एकेक. चौथा नमुना मामांच्या मोठ्या म्हशीचा होता आणि सातवा काकींचा. कुठली कुपी कुणाची हे पट्टी वाचणाऱ्याला कळू नये म्हणून क्रमांकाची यादी दुसऱ्या कुणाकडे असायला हवी होती. ती माझ्याच वहीत होती, त्यामुळे मला आठवायचीसुद्धा गरज पडली नाही.

मी मॅडमना मामांच्या तापाबद्दल सांगितलं. त्यांनी पुन्हा पट्ट्या लावायला सांगितल्या. तेच आलं. मग त्या म्हणाल्या, "हे बघ, ही पट्टी म्हशीची परीक्षा घेत नाहीये. आपण पट्टीची परीक्षा घेतोय. हा निकाल कुणाला सांगायचा नाही. सांगलीच्या डॉक्टरांना सांगून सगळ्या अकरा जनावरांचं रक्त घेऊ. रक्ताचा रिपोर्ट आला की तो सांगायचा."

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे तरी. मामांना मात्र सांग, की चांगल्या डॉक्टरकडे जा आणि गुरं पाळतो, कच्चं दूध पितो, हे सांगा. त्यात पट्टीचं नाव यायची गरज नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी तसाच फोन केला. मामा म्हणाले, ताप उतरलाय, आता कशाला डॉक्टर. दोन दिवसांनी मामींचा फोन आला, की ताप पुन्हा चढलाय आणि ते आष्ट्याबाहेर कुठेच जायला तयार नाहीत. तेव्हा मी मामांना फोन द्यायला सांगितलं आणि सगळं सांगून टाकलं. लाल रेघा, म्हशीचं गाभडणं, कच्चं दूध, सगळं.

मामा म्हणाले, "आमच्या एकट्याचीच म्हस हाय का अजून कुणाची?"

इथे मला नाही म्हणता आलं असतं, किंवा माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "काकींच्याही म्हशीचं थोडं तसं दिसतंय. पण मामा, ते पक्कं नाही. रक्त तपासल्याशिवाय कुणाला बोलू नका."

"न्हाई बोलत," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मामा सांगलीला गेले. तिथल्या एका फिजिशियननी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध तापवून पिता की कच्चं?" मामांनी अभिमानानं सांगितलं, कच्चं. रक्त घेतलं गेलं. पाच-सहा दिवसांत निदान झालं, ब्रुसेलाच. सहा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एका गोळीनं लघवी केशरी होते. डॉक्टरांनी ते आधी सांगितलं होतं, पण मामा विसरले आणि पहिल्याच सकाळी मामींना हाक मारून म्हणाले की आता आपलं काही खरं नाही. हे मामींनीच नंतर हसत हसत सांगितलं. पंधरा दिवसांत संध्याकाळचा ताप थांबला.

आमच्या घरात माझं खूप कौतुक झालं. आईनं मोहरीचा फोटो शेजाऱ्यांना दाखवला. मलाही बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. साडेचार वर्षांत जे काही आनंदाचे दिवस आले, त्यांतले ते होते. काकींच्या म्हशीचा विचार त्या दिवसांत माझ्या मनात आला नाही.

मामा शब्दाचे पक्के. पण गोळ्या सुरू झाल्यावर त्यांना आजाराची भीती नीट कळली आणि त्यांच्या मनात आलं, काकींचं दूध गल्लीतली पोरंबाळं पितात. ते दूध घालायला डेअरीवर गेले तेव्हा तिथल्या माणसाला त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की आमच्या मोठ्या म्हशीचं दूध आजपासून बंद, आणि शेजारचंही जरा बघून घ्या. त्यांच्या दृष्टीनं ते कर्तव्य होतं. डेअरीनं काकींचं दूध घेणं थांबवलं. गल्लीतल्या दोन घरांचे रतीब तुटले. काकींनी विचारलं, का? तर उत्तर मिळालं, तपासणीत आलंय.

पशुवैद्यांनी अकराही जनावरांचं रक्त नेलं होतं. रिपोर्ट यायचा होता. काकींनी आठ दिवस वाट पाहिली. दूध न घेतलेली म्हैस दारात उभी करून ठेवायची, तिची वैरण-पेंड एकटीनं बघायची, आणि नवरा फोनवर म्हणतोय, काढून टाक. एका दलालानं रेडकासकट म्हैस नेली.

रिपोर्ट आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. मामांची मोठी म्हैस दोषी होती. बाकी सगळ्या निर्दोष होत्या, सात नंबरसुद्धा. मी सांगलीला पशुवैद्यांना फोन केला आणि विचारलं, असं कसं होईल? त्यांनी उलट मला विचारलं, "ती व्याल्यावर कितव्या दिवशी दूध घेतलं तुम्ही?"

"आठवड्यानं. सहाव्या-सातव्या दिवशी."

"मग झालंच की. चिकाच्या दिवसांतलं दूध ते. वासराला द्यायच्या सगळ्या अँटिबॉडी त्यात गच्च भरलेल्या असतात. तुमची पट्टी त्यात कुठेही चिकटणार. घरच्या म्हाताऱ्या माणसानंसुद्धा सांगितलं असतं, हे दूध वेगळं असतं म्हणून. म्हणून तर त्याचा खरवस होतो."

मी फोन ठेवला आणि वहीत तारीख टाकून त्यांचं म्हणणं लिहिलं. मॅडमना सांगितलं. फोनवर मी मामांना दोन्ही नंबर सांगितले होते, हेही तेव्हाच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मामांच्या म्हशीचं सांगितलंस, ते समजून घेतलं असतं मी. दुसरं कशाला सांगितलंस?"

मामांनी विचारलं आणि मला माहीत होतं, एवढंच.

मी रविवारी आष्ट्याला गेले. मामांना रिपोर्ट दाखवला. ते तो दोनदा वाचून उठले, धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाले, "चल. तू येकटी जायाचं न्हाई. बोललो मी हाय."

काकी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मामा उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले, सायबासमोर राहावं तसे. मी कागद पुढे केला आणि सांगितलं, की तुमच्या म्हशीला काही नव्हतं. चूक माझ्या पट्टीची होती, आणि सांगितलं मी.

काकींनी कागद हातात घेतला नाही. शेंगा फोडत राहिल्या.

"मला आधी का न्हाई सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "म्हस माझी. दूध माझ्या हातनं दिलं मी तुला. आन् सांगितलंस कुणाला? ह्यास्नी."

मी कागदाची घडी घातली.

"मी सांगितलं असतं ना तुला, आत्ता व्यालीया, थांब चार दिस. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मामा म्हणाले, "वयनी, चूक झाली. भरून देतो."

"काय भरून देताय? ती म्हस कुठं हाय ठावं हाय का? दलालाला इचारलं, त्यानं पुढं इकली. रेडकू कुठं, ती कुठं." त्या उठल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी आत जाऊन चहा ठेवला. आम्ही तो प्यालो. निघताना मी विचारायला नको होतं ते विचारलं, की पुढे कधी दुसरी म्हैस घेतलीत तर नमुना द्याल का. अभ्यासासाठी लागणार होता, व्याल्यापासून रोजच्या रोज.

"न्हाई," काकी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दूध मिळायचं न्हाई माझ्याकडनं."

मामांच्या दुसऱ्या म्हशीची एक रेडी होती, दीड वर्षाची. मामांनी ती काकींना देऊ केली. काकींनी फुकट घेतली नाही. शेवटी असं ठरलं, की त्यांनी ती वाट्यानं सांभाळायची आणि पहिलं वेत झालं, म्हणजे ती पहिल्यांदा व्याली, की रेडकू मामांचं. बोलणी मामींनी केली. मामांशी काकी त्या काळात बोलत नव्हत्या. एक अट मात्र घातली. "दोनदा रगात तपासा. कागद माझ्या हातात द्या. ती लाल रेघ-बिघ मला नको." रक्त महिन्याच्या अंतरानं दोनदा तपासलं गेलं, दोन्ही कागद काकींनी ट्रंकेत ठेवले आणि मगच दावं हातात घेतलं.

मामांची मोठी म्हैस वेगळ्या शेडमध्ये बांधली गेली. तिला पुन्हा गाभण जाऊ दिलं नाही. मामा तिची वैरण स्वतः टाकायचे, हातमोजे घालून, आणि त्या हातमोज्यांवरून गल्लीतले लोक त्यांची चेष्टा करायचे. ते ऐकून घ्यायचे. कंबर अजून दुखते, पण ताप परत आला नाही.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण वाढलं. दुसऱ्या एका गोठ्यातून मी व्यालेल्या म्हशींचं दूध रोजच्या रोज घेतलं आणि पट्टी कितव्या दिवसापर्यंत खोटी रेघ दाखवते ते नोंदवलं. मग प्रथिनाचा थर बदलला, दूध आधी पातळ करून घ्यायला लागले, तेव्हा त्या खोट्या रेघा बऱ्याच कमी झाल्या, सगळ्या नाही. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना नेमकं तेच प्रकरण आवडलं. ते म्हणाले, ही अडचण तुम्ही चांगली हेरलीत. मी आभार मानले. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या.

पट्टी बाजारात आली नाही. तशा बऱ्याच पट्ट्या प्रबंधांत राहतात. मी आता सांगलीच्या एका कॉलेजात शिकवते. माझ्याकडे दोन विद्यार्थिनी याच विषयावर काम करतात. नमुने एक गोळा करते, क्रमांक दुसरी देते, आणि यादी माझ्या कपाटात बंद असते. फॉर्मवर आता एकोणीस प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न असा आहे, की या जनावराबद्दल आम्ही न विचारलेलं तुम्हाला काही सांगायचंय का? बहुतेक लोक तिथे बरंच काही सांगतात.

मागच्या वर्षी सांगलीत एका लग्नात काकी भेटल्या. नवरा निवृत्त होऊन घरी आला होता, तो पंगतीत वाढत होता. काकी माझ्या शेजारी येऊन बसल्या. आईची चौकशी केली, माझी बदली कुठे होते का विचारलं. मग म्हणाल्या, "अजून तेच करतीस का, दुधाचं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात भात घालायला सांगितला.